एक्स्टर्नल ड्राइव्हचा वेग : समांतर पोर्टपासून यूएसबी ४ पर्यंत

लॅपटॉपला जोडलेल्या एक्स्टर्नल ड्राइव्हचा वेग एकट्या ड्राइव्हवर ठरत नाही. फाइल डिस्कवरून निघून लॅपटॉपच्या मेमरीत पोचेपर्यंत ड्राइव्हच्या पेटीतली चिप, केबल, पोर्ट आणि ऑपरेटिंग सिस्टीम असे टप्पे ओलांडते. यांतला सर्वांत मंद टप्पा जेवढा वेग देतो तेवढाच शेवटी पदरात पडतो. गेल्या चाळीस वर्षांत हा मंद टप्पा सारखा जागा बदलत आला आहे. कधी पोर्ट अपुरा पडला, कधी डिस्क, तर कधी दोन्ही वेगवान असून मधली केबल. आज चांगला वेग कसा मिळवावा, याचे उत्तरही या इतिहासातच आहे.

बाहेरून डिस्क जोडण्याची पहिली सर्वमान्य पद्धत म्हणजे स्कझी. शुगार्ट असोसिएट्स या कंपनीच्या आधीच्या जोडणीवरून ती विकसित झाली आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकी मानक म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी आलेल्या मॅकिंटॉश प्लसच्या पाठीमागे स्कझीचा पोर्ट होता. या जोडणीची मर्यादा सेकंदाला ५ मेगाबाइट होती. त्या काळच्या लहान हार्ड डिस्क मात्र सेकंदाला एक मेगाबाइटही क्वचितच देत. म्हणजे जोडणी डिस्कच्या पुढे होती. अडचण वापरातली होती. साखळीतल्या प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक द्यावा लागे, साखळीच्या टोकाला टर्मिनेटर बसवावा लागे आणि उपकरणे संगणक सुरू करण्याआधीच जोडावी लागत.

आयबीएम पद्धतीच्या बहुतेक पीसींवर स्कझी नव्हती. तिथे प्रिंटरसाठी असलेला समांतर पोर्ट कामाला आला. मुळात तो एकाच दिशेने, संगणकाकडून प्रिंटरकडे, माहिती पाठवण्यासाठी होता. १९९४ च्या आयईईई १२८४ मानकाने त्यात ईपीपी आणि ईसीपी या दुतर्फा व वेगवान रीती आणल्या. सेकंदाला दीडशे किलोबाइटच्या आसपास अडलेला पोर्ट अनुकूल स्थितीत १ ते २ मेगाबाइटपर्यंत पोचू लागला. आयोमेगा कंपनीची १०० मेगाबाइटची झिप ड्राइव्ह याच पोर्टवर घरोघरी गेली. त्यासाठी बायोसमध्ये जाऊन पोर्टची रीत बदलावी लागे. ड्राइव्ह तीच ठेवून केवळ सेटिंग बदलल्याने वेग वाढतो, हे सामान्य वापरकर्त्यांना इथे दिसले.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डीईसी, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या त्यामागे होत्या. इंटेलमध्ये या कामाच्या अग्रभागी असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. पुढे २०१३ मध्ये त्यांना युरोपियन इन्व्हेंटर पुरस्कार मिळाला. यूएसबीचा हेतू वेगाचा नव्हताच. कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांसाठीचे वेगवेगळे पोर्ट जाऊन एकच सोपी जोडणी यावी, संगणक चालू असतानाही उपकरण लावता-काढता यावे, हा होता. कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे दीड मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे पोर्टचा मेगाबिटमधला आकडा आणि फाइल कॉपी होताना दिसणारा मेगाबाइटमधला आकडा कधीच जुळत नाहीत. या वेगाने एक गिगाबाइट कॉपी व्हायला हिशेबाने ११ मिनिटे आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त लागत.

वेगाची गरज तेव्हा फायरवायरने भागवली. १९९५ च्या आयईईई १३९४ मानकावर आधारलेली ही जोडणी ४०० मेगाबिटची होती. एप्रिल २००० मध्ये आलेली यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिटची, तरीही डिस्कसाठी अनेकदा फायरवायरच सरस ठरे. कारण दोघांच्या कामाच्या रीतीत होते. यूएसबी २.० मध्ये प्रत्येक देवाणघेवाण संगणकाने विचारल्यावरच सुरू होते आणि डेटाची एकच जोडी असल्याने एका वेळी एकाच दिशेने जाते. शिवाय डिस्कसाठी वापरल्या जाणाऱ्या नियमावलीत एक आज्ञा पूर्ण झाल्याशिवाय दुसरी देता येत नसे. परिणामी ६० मेगाबाइटच्या कागदी मर्यादेतून हाती येत ३० ते ४० मेगाबाइट. वीजही तुटपुंजी होती. पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच मिळत, म्हणून काही अडीच इंची डिस्कना दोन पोर्टमधून वीज घेणारी दुतोंडी केबल लागे. तोवर हार्ड डिस्क या वेगाच्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या. मंद टप्पा आता पोर्ट होता.

नोव्हेंबर २००८ च्या यूएसबी ३.० मानकाने ही कोंडी फोडली. जुन्या तारांच्या जोडीला नव्या दोन जोड्या आल्या. एक पाठवण्यासाठी, एक घेण्यासाठी. वेग ५ गिगाबिट झाला. दर आठ बिटांमागे दहा बिट पाठवावे लागत असल्याने त्यातले जास्तीत जास्त ५०० मेगाबाइट उपयोगाचे, आणि प्रत्यक्षात मिळतात ४०० ते ४५०. निळ्या रंगाचे पोर्ट याच पिढीची खूण. याच काळात यूएएसपी ही नवी नियमावली आली. तिने स्कझीच्या आज्ञापद्धतीचा आधार घेऊन अनेक आज्ञा एकत्र रांगेत देण्याची सोय केली. विंडोजमध्ये ती २०१२ च्या विंडोज ८ पासून आली. फिरत्या हार्ड डिस्कला मात्र या वेगाचा फारसा उपयोग नव्हता. लॅपटॉपच्या आकाराची डिस्क बाहेरच्या कडेला सेकंदाला १०० ते १५० मेगाबाइट वाचते आणि आतल्या कडेला जवळपास निम्मे. मंद टप्पा पुन्हा डिस्ककडे गेला.

एसएसडीने तो तिथूनही हलवला. साटा जोडणीची एसएसडी ५५० मेगाबाइटपर्यंत पोचली आणि एनव्हीएमई पद्धतीच्या एसएसडी कित्येक हजारांवर गेल्या. त्यांना सामावून घेण्यासाठी यूएसबी २०१३ मध्ये १० गिगाबिटवर आणि २०१७ मध्ये दुपदरी रीतीने २० गिगाबिटवर गेली. २०१४ मध्ये आलेल्या टाइप-सी जोडाने पोर्टचा आकार एक केला, पण आकारावरून वेग ओळखण्याची सोय संपली. त्यात नावेही बदलत राहिली: जी यूएसबी ३.० होती तीच आधी यूएसबी ३.१ जेन १ आणि नंतर यूएसबी ३.२ जेन १ झाली. फोन चार्ज करण्यासाठी मिळणाऱ्या अनेक टाइप-सी केबलमध्ये फक्त यूएसबी २.० च्या डेटा-तारा असतात. अशा केबलने जोडलेली उत्तम एसएसडीही ४० मेगाबाइटच्या आसपास अडकते.

दुसऱ्या बाजूला इंटेलने अ‍ॅपलच्या साथीने २०११ मध्ये थंडरबोल्ट आणली. संगणकाच्या आतली पीसीआय एक्सप्रेस जोडणीच तिने केबलमधून बाहेर काढली. सुरुवातीचा १० गिगाबिटचा वेग २०१५ च्या थंडरबोल्ट ३ मध्ये ४० वर गेला आणि तिने टाइप-सी जोड स्वीकारला. २०१९ ची यूएसबी ४ याच तंत्रावर उभी राहिली. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत वेग ८० गिगाबिट झाला. मात्र २० गिगाबिटची दुपदरी रीत यूएसबी ४ मध्ये ऐच्छिक आहे. ती नसलेल्या पोर्टवर २० गिगाबिटची यूएसबी ड्राइव्ह १० वर उतरते.

जोडण्या इतक्या वेगवान झाल्यावर फरक उरतो तो ड्राइव्हच्या आत आणि सॉफ्टवेअरमध्ये. अनेक एसएसडी आधी एका जलद राखीव भागात लिहितात. मोठी कॉपी चालू असताना तो भरला की वेग कोसळतो. तापल्यावर ड्राइव्ह स्वतःच वेग कमी करते. २०१८ च्या अपडेटपासून विंडोज बाहेरच्या ड्राइव्हसाठी मूळ निवड म्हणून चटकन काढता येण्याची रीत ठेवते. त्याऐवजी कार्यक्षमतेची रीत निवडून राइट कॅशिंग सुरू केल्यास लिहिण्याचा वेग वाढू शकतो, पण मग ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय ड्राइव्ह काढणे डेटासाठी धोक्याचे ठरते. हजारो लहान फाइलींमध्ये दर फाइलीची नोंद करण्यातच वेळ जातो. त्या एका झिप फाइलीत बांधून पाठवणे बरे.

म्हणून तपासणीचा क्रमही हाच: आधी ड्राइव्हचा स्वतःचा वेग, मग पेटीतल्या चिपला यूएएसपी येते का, मग केबलवर छापलेला वेग, मग लॅपटॉपच्या माहितीपत्रकातला त्या नेमक्या पोर्टचा वेग, आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टीमची सेटिंग. हब मधे न घेता ड्राइव्ह थेट पोर्टला जोडावी आणि केबल आखूड ठेवावी. ४० गिगाबिटची साधी केबल ०.८ मीटरच्या आसपासच तो वेग टिकवते. फिरत्या हार्ड डिस्कला ५ गिगाबिटचा पोर्ट पुरेसा आहे. साटा एसएसडीची पूर्ण क्षमता १० गिगाबिटवर मिळते, आणि वेगवान एनव्हीएमई एसएसडीसाठी पेटी, केबल आणि पोर्ट तिन्ही यूएसबी ४ किंवा थंडरबोल्टचे असावे लागतात.