दान केलेल्या हृदयझडपांची जपणूक आणि सुरक्षितता

दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत रुग्णाच्या छातीत बसवावे लागते. त्याच हृदयातील झडपा मात्र योग्य रीतीने गोठवून ठेवल्यास पाच वर्षे, काही पेढ्यांच्या नियमांनुसार त्याहूनही अधिक काळ टिकतात. म्हणूनच प्रत्यारोपणासाठी अयोग्य ठरलेले हृदयही वाया जात नाही. हृदयक्रिया थांबल्यानंतर मृतदेह वेळीच शीतगृहात ठेवला असेल, तर साधारणतः २४ तासांच्या, काही देशांत ४८ तासांच्या आत त्याच्या झडपा काढता येतात. प्रत्यारोपणाच्या वेळी रुग्णाचे जे आजारी हृदय काढले जाते, त्याच्याही झडपा निरोगी असल्यास तो रुग्ण स्वतःच दाता ठरू शकतो.

अशा मानवी झडपेला शल्यविशारद ‘होमोग्राफ्ट’ म्हणतात. एका हृदयातून प्रामुख्याने दोन झडपा मिळतात : महाधमनीची आणि फुफ्फुसधमनीची. धातूची झडप बसविलेल्या रुग्णाला रक्त गोठू न देणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते; मानवी झडपेला तिची गरज नसते. हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुफ्फुसांकडे जाणारा मार्ग जन्मतःच सदोष असलेली बालके आणि जंतुसंसर्गाने झडपेभोवतालचा भाग पोखरला गेलेले रुग्ण यांना ती विशेष उपयोगी पडते. ती कायमची मात्र नसते. कालांतराने तिच्यात कॅल्शियम साचते आणि लहान मुलांमध्ये ही झीज अधिक लवकर होते.

निर्जंतुकीकरणाचा पेच

डोनाल्ड रॉस यांनी जुलै १९६२ मध्ये लंडनच्या गाईज रुग्णालयात रुग्णाच्या महाधमनीच्या झडपेच्या जागी मानवी झडप बसविली. त्यानंतर काही आठवड्यांतच न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ब्रायन बॅरट-बॉइज यांनी तशीच शस्त्रक्रिया केली. पुढे मागणी वाढली आणि झडपा साठविण्याचा प्रश्न उभा राहिला. त्या काळी त्या रसायनांनी किंवा किरणोत्साराने निर्जंतुक करून शीतशुष्क अवस्थेत ठेवल्या जात. जंतू मरत, पण झडपेला बळ देणारे तंतूही दुबळे होत आणि काही वर्षांत तिची पाती फाटत. धातूच्या झडपेला जे सोसते ते मानवी झडपेला सोसत नाही, हा धडा त्यातून मिळाला. जंतूंचा समूळ नाश करणारा उपाय झडपेचाही घात करतो. त्यामुळे या झडपेची सुरक्षितता एखाद्या जालीम प्रक्रियेवर न सोपविता तपासण्यांच्या साखळीवर उभारावी लागली.

तपासण्यांची साखळी

साखळीची पहिली कडी म्हणजे दात्याचा पूर्वेतिहास. कर्करोग, रक्तातील जंतुसंसर्ग, संधिवाताच्या तापाने झालेला हृदयविकार यांपैकी काही आढळल्यास सहसा दान स्वीकारले जात नाही. त्यानंतर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी आणि उपदंश यांसाठी रक्त तपासले जाते. संसर्ग नुकताच झाला असेल तर रक्तात प्रतिपिंडे दिसत नाहीत. ही फट बुजविण्यासाठी विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधणारी चाचणी आता अनेक देशांत केली जाते.

झडपा निर्जंतुक वातावरणात हृदयापासून अलग केल्या जातात आणि प्रतिजैविकांच्या मिश्रणात साधारणतः एक दिवस ठेवल्या जातात. त्याआधी आणि त्यानंतर ऊतीचे व द्रावाचे नमुने जंतुवाढीसाठी प्रयोगशाळेत जातात. परंतु नेहमीच्या प्रतिजैविकांना क्षयाचे जंतू दाद देत नाहीत. होमोग्राफ्ट बसविल्यानंतर रुग्णाला सर्व शरीरात पसरणारा क्षय झाल्याची नोंद १९७६ मध्ये ‘थोरॅक्स’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. क्षयाच्या जंतूंची प्रयोगशाळेतील वाढ कळण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत झडप वेगळ्या कप्प्यात राखून ठेवणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. भारतासारख्या क्षयग्रस्त देशात तर ही दक्षता अटळ आहे.

गोठविणे आणि उलगडणे

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे मार्क ओब्रायन यांनी १९७५ पासून गोठवून जतन केलेल्या झडपा वापरण्यास सुरुवात केली. पेशींतील पाण्याचे बर्फ झाले की त्याचे स्फटिक ऊतीला इजा करतात. ते टाळण्यासाठी झडप सुमारे १० टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइड असलेल्या द्रावात ठेवून तिचे तापमान मिनिटाला सुमारे एक अंश सेल्सिअस या संथ गतीने उतरविले जाते. नंतर ती द्रवरूप नायट्रोजनच्या बाष्पात, उणे १३५ अंशांहून कमी तापमानात ठेवतात.

प्रत्यक्ष द्रवात न ठेवता बाष्पात ठेवण्यामागे एक कटू अनुभव आहे. एकाच टाकीत साठविलेल्या अस्थिमज्जेच्या पिशव्यांपैकी एक गळकी निघाली आणि द्रवरूप नायट्रोजनमधून हिपॅटायटिस बी इतर रुग्णांपर्यंत पोहोचला, असे १९९५ मध्ये लंडनमधील डॉक्टरांनी दाखवून दिले. त्यानंतर दुहेरी पिशवी आणि बाष्पसाठवण यांवर भर आला. निकाल येण्यापूर्वीच्या झडपा वेगळ्या टाकीत ठेवण्याचे महत्त्वही पटले. शस्त्रक्रियेच्या वेळी झडप कोमट द्रावात वितळवून रसायन टप्प्याटप्प्याने धुऊन काढतात. या क्षणीची घाईही महागात पडते, कारण तापमानाच्या धक्क्याने झडपेला बारीक तडे जाऊ शकतात.

भारतातील चित्र

भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती होऊन ऊतींचा समावेश झाला. ऊतक पेढ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. अवयवदानाची प्रतिज्ञा करण्याच्या ‘नमुना ७’ मध्ये डोळ्यांचे पारपटल, त्वचा आणि हाडांबरोबर हृदयझडपांचाही स्वतंत्र उल्लेख आहे. नेत्रदानाची कल्पना आपल्याकडे घरोघरी रुजली. झडपांच्या दानाचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

दुःखाच्या प्रसंगी नातेवाइकांना विचारले जाणारे मृताच्या आजारांविषयीचे खोलवर प्रश्न नकोसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु साखळीतील पहिली कडी तीच आहे आणि तिचे काम कोणतेही यंत्र करू शकत नाही. त्या वेळी दिलेल्या प्रामाणिक उत्तरांवर पुढे एखाद्या अनोळखी बालकाची सुरक्षितता अवलंबून असते.