रस्त्याला नारळी पौर्णिमा नसते : वाहनविम्याचा महाराष्ट्रातील प्रवास

१/
भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनजवळ, धारावीच्या डोंगरावर चौक हे गाव आहे. जंजिरे धारावी किल्ला याच गावातला. १७३७ ते १७३९ या काळातील वसईच्या मोहिमेत या ठाण्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात पुन्हा पुन्हा झुंज झाली. वसई पडली ती मे १७३९ मध्ये, पावसाळा तोंडावर आला असताना. एकदा पाऊस लागला की समुद्र बंद, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक सरदाराला आणि प्रत्येक तांडेलाला ठाऊक होते.

२/
आजही इथल्या होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर विसावतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला शासनाची बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून नवा हंगाम सुरू होतो. समुद्राच्या वाईट ऋतूला कायदा आणि सण या दोघांनी मिळून कुंपण घातले आहे.

रस्त्याला असे कुंपण नाही. गाडी धुक्यात निघते, काळोखातही निघते. मग वाईट ऋतूत नुकसान झाले, तर ते कोणी सोसायचे? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे.

३/
घाटरस्त्याचा वाईट ऋतू म्हटला की आपल्याला पावसाळा आठवतो. पश्चिम महाराष्ट्राच्या सपाट रस्त्यांवर मात्र हिवाळाही तितकाच घातक असतो. रात्र मोठी, पहाटे कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यांत धुके आणि त्याच महिन्यांत उसाचा गळीत हंगाम. बर्फाच्या देशांत चालक घसरड्या रस्त्याला भितो. आपल्याकडे तो समोर अंधारात उभ्या असलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीला भितो.

या भीतीपासूनच आरंभ करू, कारण ‘विमा’ या शब्दाच्या मुळाशी तीच आहे.

४/
‘विमा’ हा शब्द फारसीतून आला. फारसीत ‘बीम’ म्हणजे भीती. त्यावरून ‘बीमा’ आणि त्याचे मराठी रूप ‘विमा’. व्युत्पत्ती मोठी अर्थपूर्ण आहे. भीती नाहीशी करता येत नाही. पण ती मोजता येते, तिचा दर ठरवता येतो आणि तो दर घेऊन ती दुसऱ्याच्या खांद्यावर देता येते.

५/
मराठी मुलखात हे काम करणारा एक व्यावसायिक होता : हुंडेकरी. माल एका पेठेतून दुसऱ्या पेठेत पोहोचवण्याचा तो ठरीव रकमेवर मक्ता घेई. बैल, भाडे, वाटेवरच्या चौक्यांची जकात, हे सारे त्या एकाच रकमेत येई. या आकारणीला हुंडाभाडे म्हणत. व्यापाऱ्याने एकदा रक्कम मोजली की वाटेची कटकट हुंडेकऱ्याची. हुंडेकरी हे आडनाव महाराष्ट्रात आजही आढळते. त्यामागे हा व्यवसाय आहे.

६/
जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात माळव्यातील विमा व्यवसायाची दखल घेतली आहे. हा मुलूख तेव्हा शिंदे-होळकरांच्या अमलाखालचा. मार्ग किती सुरक्षित आहे, यावर विम्याचा दर अवलंबून असे. पेंढाऱ्यांची धामधूम असेल तर दर चढे, शांतता असेल तर उतरे. त्यामुळे विम्याचा दर हे रस्त्याच्या अवस्थेचे एक प्रकारचे बखरवाङ्मयच ठरते. राज्यकर्ते काय म्हणतात यापेक्षा सावकार किती दर मागतो, यावरून प्रदेशाची खरी स्थिती कळते.

पुढे हेच माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८३० साली, बोरघाटाचा चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला झाला.

७/
इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. या साऱ्या व्यवस्थेत विमा उतरे तो मालाचा. कापूस, अफू, कापड, रोकड यांचा. तांड्याच्या वाटेवरून चालणाऱ्या परक्या माणसाला त्या करारात स्थान नव्हते. बैलगाडीच्या युगात त्याची फारशी गरजही भासली नसेल. ती भासली मोटार आल्यावर.

८/
१९१४ च्या मोटार कायद्याने नोंदणी आणि चालक-परवाना आणला. विमा सक्तीचा केला नाही. मोटारीखाली कोणी मेला तर त्याच्या वारसांपुढे १८५५ चा प्राणघातक अपघातविषयक कायदा होता. त्याखाली दिवाणी दावा लावायचा, न्यायालयाचे शुल्क भरायचे, चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा. इतके करून दावा जिंकला आणि गाडीमालकाकडे पैसाच नसला, तर हुकूमनामा म्हणजे नुसता कागद.

९/
ब्रिटनने १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने यावर उपाय काढला : विमा उतरवल्याविना गाडी रस्त्यावर आणताच येणार नाही. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणात हेच तत्त्व आले. मध्ये महायुद्ध आले आणि हे प्रकरण प्रत्यक्षात लागू झाले ते १ जुलै १९४६ रोजी.

स्वातंत्र्याच्या आधी वर्षभर, या देशात पहिल्यांदा, गाडीखाली सापडणारा अनोळखी माणूस विम्याच्या कराराच्या आत आला.

१०/
या अनोळखी माणसाला कायद्याच्या भाषेत ‘तिसरा पक्ष’ म्हणतात. पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा रस्त्यावरचा माणूस. करारावर त्याची सही नसते, हप्ता तो भरत नाही, बहुधा त्याला असा करार असल्याचेही ठाऊक नसते. तरीही करार त्याच्यासाठी असतो.

हुंडेकऱ्याच्या विम्यात आणि या विम्यात हाच मूलभूत फरक. तिथे मालक आपली वस्तू वाचवतो. इथे कायदा मालकाला इतरांचा विचार करायला लावतो. यापुढचा वाहनविम्याचा इतिहास म्हणजे ‘तिसरा पक्ष कोण?’ या एका प्रश्नावरची दीर्घ झटापट आहे.

११/
तिचे टप्पे असे. १९५६ च्या दुरुस्तीने अपघात दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली, म्हणजे दिवाणी न्यायालयाचा लांबचा फेरा चुकला. १९७७ साली मुंबई उच्च न्यायालयाकडून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याविना भरपाई नाही. रात्रीच्या निर्जन रस्त्यावर साक्षीदार आणायचा कोठून?

१९८२ च्या दुरुस्तीने ही अडचण काही अंशी दूर केली. चूक कोणाचीही असो, मृत्यूसाठी १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये द्यायचेच. यालाच दोषनिरपेक्ष दायित्व म्हणतात.

१२/
या १५,००० रुपयांची कसोटी लागली ती सातारा जिल्ह्यात.

२९ ऑक्टोबर १९८७. दिवाळी होऊन आठवडा झालेला. पहाटे ३ च्या सुमारास, तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ वर, कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याच्या कडेला उलटला आणि त्यातून पेट्रोल झिरपू लागले. सकाळी भोवती माणसे जमली. टकरीनंतर सुमारे चार तासांनी टँकरचा भडका उडाला. जमलेल्यांपैकी अनेक जण भाजले आणि त्यांतील काही दगावले.

१३/
मृताच्या वारसांनी दोषनिरपेक्ष दायित्वाखाली रक्कम मागितली. न्यायाधिकरणाने ती नाकारली. टक्कर पहाटेची, स्फोट सकाळचा; उलटून पडलेला टँकर ‘वापरात’ होता असे कसे म्हणावे, असा आक्षेप होता. लोक तिथे पेट्रोल नेण्यासाठी जमले होते, हाही मुद्दा पुढे आला.

मुंबई उच्च न्यायालयाने वारसांच्या बाजूने निकाल दिला. मालकाने अपील केले आणि १५,००० रुपयांचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

१४/
१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. न्यायालयाच्या मते गाडी चालत असतानाच ‘वापरात’ असते असे नाही. बंद पडलेली किंवा उलटलेली गाडीही वापरात असू शकते. पेट्रोलची गळती टकरीतून झाली आणि स्फोट गळतीतून. ही साखळी सलग आहे, म्हणून हा अपघात वाहनाच्या वापरातूनच उद्भवला.

हा निकाल आजही देशभर आधारासाठी घेतला जातो. रस्त्याच्या कडेला उभा असलेला गावकरीदेखील तिसरा पक्षच आहे, हे महामार्गालगतच्या एका गावामुळे पक्के झाले.

१५/
ज्याला आत घेतले त्याची ही गोष्ट. आता जो बाहेर राहिला त्याची.

१९५० साली लोणीच्या प्रवरा सहकारी कारखान्यात गाळप सुरू झाले आणि पुढील दशकांत सहकारी साखर कारखानदारी पश्चिम महाराष्ट्रभर पसरली. तेव्हापासून दसरा उलटला की बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. संसार, भांडी, लेकरे, सारे ट्रकमध्ये नाही तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. हंगामभर हीच ट्रॉली ऊस वाहते आणि पुष्कळदा उसाच्या वर माणसेही.

१६/
ट्रॉलीत बसलेली ही माणसे तिसरा पक्ष आहेत का?

१९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीतून जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना संरक्षण दिले. मात्र २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मालवाहू गाडीतून फुकट प्रवास करणाऱ्यांची जबाबदारी सक्तीच्या विम्यात येत नाही. शेतीसाठी विमा उतरवलेल्या ट्रॅक्टरचे तर त्याहून कठीण : ट्रॉलीचा स्वतंत्र विमा नसतो आणि ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणी बसणे गृहीतच धरलेले नसते.

१७/
२००७ साली माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरच्या एका जखमी मजुराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. कायद्याने कंपनी जबाबदार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण मजुराची स्थिती पाहून घटनेच्या अनुच्छेद १४२ चा आधार घेतला आणि कंपनीने आधी रक्कम द्यावी, मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला.

न्याय झाला, पण तो विशेषाधिकारातून झाला. नियम होता तिथेच राहिला. हुंडेकऱ्याच्या काळात वाटसरू कराराबाहेर होता. आपल्या काळात उसावर बसलेली बाई बाहेर राहते आणि तिच्याखालच्या उसाचा भाव मात्र ठरलेला असतो.

१८/
हा इतिहास तुमच्यापर्यंतही येतो. हिवाळा हा गडांचा ऋतू. पहाटे दुचाकी काढायची, मागे मित्राला घ्यायचे, सूर्योदयाला गडावर पोहोचायचे. तुमच्या दुचाकीचा विमा केवळ सक्तीचा, म्हणजे तृतीय पक्षापुरता असेल, तर मागे बसलेला मित्र त्यात येत नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले आहे. सर्वसमावेशक विमा असेल तर तो येतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा आणि नव्या मोटारीला ३ वर्षांचा तृतीय पक्ष विमा घ्यावाच लागतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आधीच संपलेला असू शकतो. निघण्यापूर्वी विमापत्रावरची तारीख आणि प्रकार दोन्ही वाचा.

१९/
विमा नुकसान भरून देतो, धडक टाळत नाही. धुक्यात दिव्याचा झोत खाली ठेवा. वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांतच परततो. उसाच्या पट्ट्यात रात्री वेग इतकाच ठेवा की दिव्याच्या उजेडात दिसेल तेवढ्या अंतरात गाडी थांबेल. रस्त्यात गाडी बंद पडली तर ती कडेला घ्या, चारही दिशादर्शक दिवे लुकलुकते ठेवा, परावर्तक त्रिकोण मागे दूर ठेवा आणि स्वतः रस्त्यापासून लांब उभे राहा. ट्रॅक्टर घरचा असेल तर ट्रॉलीच्या मागे परावर्तक लावा. आणि उलटलेल्या टँकरजवळ कधीही थांबू नका. कवठ्याचे चार तास लक्षात ठेवा.

२०/
दोषनिरपेक्ष रकमेचा प्रवास पाहा. मृत्यूसाठी १९८२ साली १५,०००, १९८८ च्या कायद्यात २५,०००, १९९४ मध्ये ५०,००० आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२२ पासून ५ लाख रुपये. आकडा वाढत गेला. वर्तुळ मात्र आकड्याइतके वाढले नाही.

समुद्राने निदान वाईट ऋतू कोणता हे ठरवून दिले आणि कोळ्यांनी त्याचा मान राखला. रस्त्यावर तो मान राखायला कायदा लागतो, आणि कायद्याला आधी माणूस दिसावा लागतो. १९४६ ला पादचारी दिसला, १९९१ ला कडेचा गावकरी दिसला. ट्रॉलीतला प्रवासी अजून पुरता दिसायचा आहे.

तुमच्या घरी हुंडेकरी व्यवसायाचे मोडी कागद, जुनी विमापत्रे किंवा गाडीमुकादमाच्या वह्या असतील तर जपून ठेवा आणि शक्य असेल तर छायाचित्र इथे द्या. त्यांवर पुढचा धागा लिहीन.