अंधारखोलीपासून संगणकापर्यंत

छायाचित्रांसाठी कोणता संगणक घ्यावा, हा प्रश्न आजकाल घरोघरी निघतो. लग्नसराई आटोपते आणि हजारभर फोटो पेनड्राइव्हवर घरी येतात. चिरंजीव पहिल्या पगारातून कॅमेरा घेतात. किंवा आजोबांचा एकुलता एक पिवळा पडलेला फोटो नीट करून भिंतीवर लावावा असे कोणाच्या तरी मनात येते. मग चौकशीला सुरुवात होते. दुकानदार यंत्राच्या वेगाचे आकडे सांगतो, शेजारी किमतीचे सांगतो, आणि घेणारा बापडा दोघांच्या मध्ये भांबावून उभा राहतो. या प्रश्नालाही एक इतिहास आहे. तो मनोरंजक तर आहेच, पण ध्यानात घेतला तर उत्तरही बरेच सोपे होऊन जाते.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. छायाचित्रात फेरफार करण्याची कला संगणकाने आणली अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. फोटो जितका जुना, जवळजवळ तितकीच ही कलाही जुनी. १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र जुळवून एक भव्य प्रसंगचित्र सिद्ध केले. पाहणाऱ्याला वाटावे की इतकी सारी माणसे एकाच वेळी कॅमेऱ्यापुढे उभी होती! आपण मुंबईकरही या विद्येत मागे नव्हतो. १८५४ मध्येच मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपल्याकडच्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक होते.

पुढे गावोगाव स्टुडिओ निघाले आणि 'रिटचिंग' हा शब्द मराठीतच रुळला. निगेटिव्ह काचेचे असे. त्यावर टोकदार पेन्सिल फिरवली की छापात तेवढी जागा उजळे. सुरीच्या पात्याने हलकेच खरवडले की तेवढी जागा काळवंडे. देवीचे व्रण असे बुजत, डोळ्यांखालची काळी वर्तुळे अशी निघून जात. जन्मात कधी शेजारी बसून फोटो न काढलेल्या नवराबायकोंना, दोघांपैकी एक निवर्तल्यावर, कारागीर एका चौकटीत आणून बसवी. वर अत्तराच्या फायासारखा हलका रंग. आपल्या आजी-पणजींच्या किती तसबिरी अशा कारागिरांच्या हातून गेल्या आहेत, हे त्यांच्या नातवंडांना ठाऊकही नसते.

म्हणजे संगणकाने नवे केले ते काय? त्याने कारागिराच्या बोटांतली ही विद्या आकड्यांत आणली. पण चित्र आकड्यांत आणायचे म्हणजे काय, हा पहिला पेच होता.

तो पेच सुटला १९५७ साली, रेलँडरच्या चित्राला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा. अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स ही वजनमापे व प्रमाणे ठरवणारी सरकारी संस्था होती. तिच्याकडे 'सीॲक' नावाचा संगणक होता. तेथील रसेल कर्श या संशोधकाच्या मनात आले, की या यंत्राला आकडे कळतात. पण आपल्याला दिसते ते त्याला दिसले तर काय होईल? त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक फिरते नळकांडे तयार केले, त्यावर फोटो गुंडाळला आणि ठिपक्या-ठिपक्याने त्यावरचा उजेड मोजला. फोटो कोणाचा घ्यावा? कर्शच्या घरी तीन महिन्यांचा मुलगा होता, वॉल्डन. बापाने त्याचाच फोटो यंत्राला दाखवला. जगातल्या पहिल्या अंकित छायाचित्राचा मान असा एका तान्ह्या बाळाला मिळाला.

फोटो जेमतेम दोन इंच लांबरुंद. त्याचे उभे-आडवे १७६ भाग केले, म्हणजे एकंदर ३०,९७६ ठिपके झाले. पण यंत्र प्रत्येक ठिपक्याविषयी एकच गोष्ट सांगू शके: काळा की पांढरा. आता बाळाचा गाल काही काळा नसतो नि निव्वळ पांढराही नसतो. गालाची गोलाई असते ती मधल्या करड्या छटांत. कर्शने युक्ती काढली. तोच फोटो त्याने पुनःपुन्हा वाचून घेतला. दर खेपेला 'याहून उजळ ते पांढरे' ही मर्यादा थोडी सरकवली, आणि ते सारे काळे-पांढरे पट एकावर एक रचले. तेव्हा कोठे बाळाचा चेहरा उमटला.

ही करड्या छटांची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढल्या साऱ्या इतिहासात ती आडवी येत राहते. चित्राचे ठिपके चौकोनी करण्याची प्रथाही त्या यंत्रापासूनच पडली. उतारवयात कर्शला तिची रुखरुख लागली होती, आणि ऐंशी उलटल्यावरही तो चौकोनांऐवजी निराळ्या आकारांचे ठिपके वापरण्याची रीत शोधत होता. २०२० मध्ये तो वारला.

यानंतरचा प्रसंग थेट मंगळावरचा आहे. १४ आणि १५ जुलै १९६५ या दिवसांत मरीनर-४ हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने बावीस छायाचित्रे टिपली. त्यांतले शेवटचे अपुरे. प्रत्येक चित्र २०० गुणिले २०० ठिपक्यांचे, आणि दर ठिपक्याला उजेडाच्या चौसष्ट पायऱ्या. पण कोट्यवधी मैलांवरून संदेश येण्याचा वेग इतका मंद, की एक चित्र पुरे व्हायला आठ तासांहून अधिक वेळ लागे. पृथ्वीवर कॅलिफोर्नियात, पॅसाडेना येथील प्रयोगशाळेत, कागदाच्या फितीवर नुसते आकडे येत होते. संगणकाकडून रीतसर चित्र तयार होईपर्यंत धीर कोणाला धरवणार! तेथल्या अभियंत्यांनी त्या फिती भिंतीवरच्या फळीवर शेजारीशेजारी चिकटवल्या आणि लहान मुलांच्या चित्रवहीप्रमाणे आकड्यांबरहुकूम रंग भरायला घेतले. करड्या छटांचे खडू आणायला माणूस दुकानात गेला, तर तेथे करडे नव्हतेच. रंगीत खडू होते. म्हणून मंगळाचे ते हातचे चित्र तपकिरी-तांबड्या रंगांत उमटले! ते चौकटीत बसवून प्रयोगशाळेत जपून ठेवले आहे. कोट्यवधी डॉलरांची यंत्रे हाताशी असता शेवटी माणसाला खडूच उपयोगी पडला, यात मौज आहे. आणि चित्र 'पाहण्याची' ओढ किती अनावर असते तेही यातून दिसते.

दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, रॉचेस्टर येथे कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या चोवीस-पंचविशीतल्या अभियंत्याने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक, चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. फिल्म विकून मोठ्या झालेल्या कंपनीच्या पोटीच फिल्मचा वैरी जन्माला आला. २०१२ च्या जानेवारीत याच कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली.

दरम्यान मोठ्या छापखान्यांत चित्र जुळवणारे संगणक शिरले होते. त्यांची किंमत लाखो डॉलरांत असे, त्यामुळे ती यंत्रे बड्या नियतकालिकांनाच परवडत. १९८२ च्या फेब्रुवारीत 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर गीझाचे पिरॅमिड झळकले. मूळ फोटो आडवा होता आणि मुखपृष्ठ उभे. दोन पिरॅमिड चौकटीत बसेनात, तेव्हा एकाला यंत्राच्या साह्याने दुसऱ्याच्या जवळ सरकवण्यात आले. साडेचार हजार वर्षे जे जागचे हलले नव्हते ते असे कागदावर हलले! छायाचित्रकार काही पावले बाजूला उभा राहिला असता तर असेच दिसले असते, असे समर्थन संपादकांनी केले. वाचकांना ते पटले नाही. पुढे त्या मासिकानेही आपली चूक मान्य केली.

वाचक एवढे का रागावले? रेलँडरचे चित्र रचलेले आहे हे सर्वांना ठाऊक होते. आजीच्या तसबिरीवर रंग आहे हे कोणाही डोळसाला दिसत होते. कारागिराची पेन्सिल कोठे तरी आपली खूण ठेवून जाई. यंत्राने ती खूणच पुसली. आणि ज्या फोटोला लोक साक्षीदार मानत होते, त्याच्या साक्षीविषयी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर शंका आली.

यानंतर पाच वर्षांनी ही शक्ती सामान्य घरात आली, आणि तीही करड्या छटांच्याच वाटेने. मिशिगन विद्यापीठात थॉमस नोल हा विद्यार्थी डॉक्टरेटचा अभ्यास करीत होता. त्याचे वडील प्राध्यापक होते आणि घरच्या तळघरात त्यांची स्वतःची अंधारखोली होती. औषधांच्या थाळीत चित्र उमलताना पाहतच मुलगा वाढलेला. १९८७ साली त्याच्याकडे मॅकिन्टॉश प्लस संगणक होता. त्याची मेमरी एक मेगाबाइट, आणि पडद्यावरचा ठिपका एक तर काळा किंवा पांढरा. म्हणजे तीस वर्षांनी पुन्हा कर्शचाच पेच! वर्तमानपत्राच्या ब्लॉकमध्ये जसे लहानमोठे काळे ठिपके डोळ्याला करड्याचा भास देतात, तसा भास त्या पडद्यावर घडवणारी आज्ञावली थॉमसने लिहिली आणि तिला 'डिस्प्ले' असे साधे नाव दिले.

त्याचा भाऊ जॉन कॅलिफोर्नियात चित्रपटांची दृक्‌चमत्कृती करणाऱ्या कंपनीत होता. तेथे सव्वा लाखाहून अधिक डॉलर किमतीची यंत्रे जे काम करतात, त्यातले बरेचसे आपल्या भावाचा घरगुती संगणक करू पाहतो आहे, हे त्याने ओळखले. दोघांनी मिळून त्या आज्ञावलीला रंग दिला, तीत एकेक साधन घातले. पहिल्यांदा एका स्कॅनरच्या कंपनीने आपल्या यंत्राबरोबर तिच्या सुमारे दोनशे प्रती दिल्या. १९८८ मध्ये ॲडोबी कंपनीशी करार झाला, आणि फेब्रुवारी १९९० मध्ये ती 'फोटोशॉप' या नावाने बाजारात आली. त्यातली उजळवण्याची आणि काळवंडवण्याची साधने अंधारखोलीतल्या हातांच्या हालचालींवरून घेतलेली आहेत. वडिलांच्या तळघरातली विद्या मुलांनी अशी वर उजेडात आणली.

१९९४ मध्ये त्यात 'थर' आले. मूळ चित्राला धक्का न लावता त्यावर पारदर्शक कागद ठेवून रंगवावे तसा हा प्रकार. २००३ मध्ये थॉमस नोल यानेच कॅमेऱ्याची कच्ची, 'रॉ' फाइल उघडण्याची सोय केली. या फाइलवर कितीही प्रयोग केले तरी मूळ नोंद जशीच्या तशी राहते; बदलते ती केवळ 'असे दाखव' ही सूचना. म्हणजे निगेटिव्ह हरवले हरवले म्हणतो ते नव्या रूपात परत आले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वॉल्डनच्या चित्रात ठिपके होते ३०,९७६. आजच्या साध्या चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ते ६००० गुणिले ४००० म्हणजे दोन कोटी चाळीस लाख असतात; एका फोटोत तसे पाऊणेआठशे वॉल्डन मावतील. दर ठिपक्याला तीन रंग आणि रंगाला एक बाइट धरला तर एक फोटो मेमरीत ७२ मेगाबाइट जागा घेतो. बारीक छटा हव्यात म्हणून रंगाला दोन बाइट दिले तर १४४. त्यावर दहा पूर्ण थर चढवले की दीड गिगाबाइटच्या आसपास मजल जाते. थॉमसच्या मॅकिन्टॉशची सारी मेमरी एक मेगाबाइट होती, हे आठवावे!

तेव्हा इतिहास सांगतो तो क्रम असा. पहिली पाहावी मेमरी, म्हणजे रॅम. हौसेच्या कामाला सोळा गिगाबाइट पुरते, जास्त थरांचे काम असेल तर बत्तीस घ्यावी. नंतर वाढवता येते की नाही हे आधीच विचारावे, कारण पुष्कळ लॅपटॉपमध्ये ती सोय नसते. दुसरा पाहावा पडदा. रंग खरे दाखवणारा, बाजूने पाहिले तरी छटा न बदलणारा असावा. पडदाच निळसर असेल तर आपण चांगल्या फोटोला उगाच तांबूस करून बसू. तिसरी गोष्ट साठवणीची: चालू कामाला वेगवान एसएसडी आणि जपणुकीला वेगळ्या दोन डिस्क, त्यांतली एक दुसऱ्या घरी. यंत्र बिघडते, पाणी शिरते, चोरी होते; एकाच जागी ठेवलेला फोटो ठेवलेलाच नाही असे समजावे. प्रोसेसरच्या वेगाचा आकडा, ज्याचा दुकानात सर्वांत मोठा गजर होतो, तो यानंतर पाहिला तरी चालतो.

पण जे कोणत्याच दुकानात मिळत नाही ते तारतम्य. आज आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एका क्षणात नाहीशा करता येतात. कागदाला पडलेली चीर बुजवावी, वाळवीने खाल्लेला कोपरा भरावा, उडालेला रंग परत आणावा. यात कोणाचे नुकसान नाही. पण सुरकुती ही कागदाची नव्हे, आजीची आहे. ती पुसली तर तसबीर देखणी होईल, मात्र नातवंडांना आजी भेटणार नाही. म्हणून मूळ प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवावी, आणि जे काही करायचे ते तिच्या नकलेवर करावे. कारागिराची खूण यंत्राने पुसली असली, तरी आपण ती लिहून ठेवू शकतो: हा फोटो अमक्या साली दुरुस्त केला, एवढी एक ओळ पुरते.

आणि आणखी एक काम आहे, ते याच चार दिवसांत उरकावे. जुन्या समूहचित्रात उजवीकडून तिसरी उभी आहे ती कोण, हे कोणत्याही संगणकाला नसले तरी घरातल्या एखाद्या वृद्ध आत्याला ठाऊक असते. फराळाचे ताट बाजूला सरले की तिच्यापुढे तो फोटो ठेवावा, नावे विचारावी आणि तिथल्या तिथे लिहून घ्यावी. फिकी पडलेली छटा पन्नास वर्षांनीही परत आणता येईल. गेलेले नाव मात्र परत आणता येत नाही.