अल्बेरुनीच्या ग्रंथातली दिवाळी

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास होता. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, ये बळीराजा कौन था?" शेजारच्या घरी पाडव्याला ओवाळताना 'बळीचे राज्य येवो' असे म्हणतात, ते त्याने ऐकले होते. आम्ही इतिहास शिकवतो, तरी नीट उत्तर देता आले नाही. सुट्टीत शोधू लागलो, तेव्हा ते एका मुसलमान मुसाफिराच्या अरबी ग्रंथात सापडले.

हा मुसाफिर म्हणजे अल्बेरुनी. जन्म इ. स. ९७३, ख्वारिझमचा. १०१७ साली महमूद गझनवीने ख्वारिझम जिंकले आणि या विद्वानाला गझनीला नेले. पुढे तो हिंदुस्थानात आला, पंजाबच्या भागात राहिला, संस्कृत शिकला, पंडितांना विचारत राहिला. १०३०च्या सुमारास त्याने 'किताबुल हिंद' पूर्ण केली. तिच्यात सणांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

त्यात तो दिवाळीबद्दल सांगतो. लोक स्नान करतात, नटतात, एकमेकांना पान-सुपारी देतात, दानधर्म करतात, रात्री जिकडे तिकडे दिवे लावतात. विरोचनाचा मुलगा बळी पाताळात कैद आहे. लक्ष्मी वर्षातून या एका दिवशी त्याला मोकळे करते, म्हणून या सणाला 'बळीराज्य' म्हणतात, असेही तो नोंदवतो. वैशाखात बायका गौरीची पूजा करतात, झोके घेतात, हेही त्याने लिहून ठेवले आहे. आपल्याकडची चैत्रगौर आजही झोपाळ्यावर बसते!

अल्बेरुनीने कुणाचीच भलावण केली नाही. इथल्या विद्वानांच्या अहंकारावर त्याने टीका केली. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळवली आणि लोकांच्या मनात मुसलमानांविषयी द्वेष रुजला, हेही त्याने लपवले नाही. तलवारीमागून आलेल्या या माणसाने हातात लेखणी धरली. हा ग्रंथ वादविवादाचा नाही, जे आहे ते सांगणारा आहे, असे त्याने सुरुवातीलाच बजावले.

सुट्टीनंतर आम्ही हे सारे वर्गात सांगितले. दोन दिवसांनी एक पालक शाळेत आले. म्हणाले, "मास्टरसाहब, अपने बच्चों को ये सब किसलिए?" आम्ही म्हटले, "अल्बेरुनीने ग्रंथाची सुरुवात बिस्मिल्लाहने केली आहे. दिवाळी समजून घेतल्याने त्याचा ईमान कमी झाला नाही. जाणून घेणे म्हणजे इल्म, इबादत नव्हे." ते काही न बोलता निघून गेले. त्यांना पटले की नाही, कळले नाही.

मुलाने मात्र शेजारच्या आजींना जाऊन सांगितले, "आजी, तुमचा बळीराजा हजार वर्षांपूर्वीच्या अरबी किताबमध्ये आहे." आजींनी त्याला जवळ बसवले आणि बळीची सगळी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी ती त्याने आम्हाला ऐकवली. त्यातले बरेचसे आम्हालाही नवे होते.