गळाचे रीळ आणि खारे पाणी

समुद्रात गळाने मासे पकडण्यासाठी धातूचे रीळ विकत घेतले, तर त्यासोबत एक छोटे माहितीपत्रक मिळते. कंपनी कोणतीही असो, मजकूर साधारण सारखाच असतो. प्रत्येक खेपेनंतर रीळ गोड्या पाण्याने धुवा, पण जोराचा फवारा मारू नका. बेअरिंगला तेलाचा एखादा थेंब द्या, दातेरी चाकांना मात्र ग्रीस लावा. ठेवून देताना ब्रेक सैल करा. या सूचना इतक्या साध्या आहेत, की त्यांना काही इतिहास असेल असे कोणाला वाटणार नाही. प्रत्यक्षात त्यांच्यामागे युद्धनौका, घड्याळजी, रसायनशास्त्रज्ञ आणि बिचारे देवमासे असा मोठा गोतावळा आहे. शिवाय आठवी-नववीच्या पुस्तकातले निम्मे धातुशास्त्र त्यांत येऊन जाते.

आपल्या किनाऱ्यावर मासेमारी मुख्यतः जाळ्याने होते आणि गळ टाकणारा बहुधा दोर हातानेच ओढतो. त्यामुळे अनेक वाचकांनी रीळ जवळून पाहिले नसेल. पतंगाची फिरकी डोळ्यांसमोर आणावी. तीच फिरकी काठीला घट्ट बसवली, तिला मूठ जोडली आणि मुठीच्या व फिरकीच्या मध्ये दातेरी चाके घातली, की रीळ तयार होते. चीनमधील मा युआन या चित्रकाराचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, बाराव्या शतकाच्या अखेरीच्या एका चित्रात होडीत बसलेल्या कोळ्याच्या काठीवर अशी फिरकी दिसते. इंग्लंडमध्ये थॉमस बार्करने १६५१ साली छापलेल्या पुस्तकात तिचा उल्लेख आहे. पण ही सारी नदी-तळ्यांवरची मासेमारी. गोड्या पाण्यात लाकूड, पितळ आणि लोखंड एकत्र नांदू शकत होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेत केंटकी राज्यातील जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने पितळी रिळे बनवली. पुढे तेथील कारागिरांनी ती परंपरा चालवली. मूठ एकदा फिरवली की फिरकी चार वेळा फिरायची. घड्याळजीने केलेले काम असल्याने दाते बारीक, सांधे नेमके आणि वंगण एखाद्या थेंबाचे.

हे नाजूक यंत्र समुद्रावर गेले तेव्हा खरी कसोटी लागली. १८८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ९३ पौंडांचा टार्पन मासा काठी व रिळाने पकडला गेला. १८९८ साली कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटापाशी चार्ल्स होल्डर यांनी १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा ट्यूना काढला. असा मासा गळाला लागल्यावर शंभर-दोनशे मीटर दोर एका दमात घेऊन पळतो. त्या काही सेकंदांत फिरकी सुरळीत फिरली पाहिजे. ती क्षणभर जरी अडखळली तरी ताण एकदम वाढतो आणि दोर तुटतो. उलट तिला काहीच अटकाव नसेल, तर मुठीला जोडलेली फिरकी सुसाट सुटते आणि मूठ बोटांवर आपटते. अशा मुठींनी अनेकांची बोटे फोडली. त्यांना ‘बोटेफोडी’ अशा अर्थाचे नावच पडले होते. ब्रेक म्हणजे काय, तर फिरकीवरच्या दोरावर अंगठ्याने दाबून धरायचा चामड्याचा तुकडा! अशा वेळी आतल्या दात्यांत मिठाचा एक खडा किंवा गंजाची एक खपली असली तरी मासा गेलाच म्हणून समजा.

न्यूयॉर्कच्या व्होम होफ कुटुंबातील कारागिरांनी समुद्रासाठी रिळे बनवताना बाजूच्या तबकड्या कडक रबराच्या केल्या आणि पट्ट्या व दांडे जर्मन सिल्व्हरचे. या धातूत चांदी नावालाही नाही. तांबे, जस्त आणि निकेल यांचे ते मिश्रण आहे आणि खाऱ्या हवेत ते लोखंडापेक्षा पुष्कळच चांगले टिकते. पण सगळेच भाग त्याचे करता येत नाहीत. स्प्रिंगा आणि काही आस यांना पोलादाची कणखरता लागते. आणि झीज नेमकी तिथेच होते, जिथे पोलाद पितळेला किंवा जर्मन सिल्व्हरला टेकते. एकटे पोलाद जितके गंजेल त्याहून अधिक वेगाने ते या शेजारात गंजते. असे का?

याचे उत्तर रिळांपेक्षा बरेच जुने आहे आणि ते ब्रिटिश आरमाराने मोठी किंमत मोजून मिळवले. लाकडी जहाजांचे तळ समुद्री किडे पोखरत, म्हणून १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडीजहून ती परत आल्यावर १७६३ साली तपासणी झाली. लाकूड शाबूत होते, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाल्ले गेले होते. काही ठिकाणी मात्र ते धडधाकट होते. शोध घेता असे दिसले, की पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही जागी निष्काळजीपणे तसाच राहिला होता. तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये कागद असेल तिथे खिळा वाचला होता. कामगाराच्या आळसाने इतका चोख नियंत्रित प्रयोग घडवून आणल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात फार नसावीत.

त्या वेळी याचे कारण सांगता येण्यासारखे नव्हते, कारण व्होल्टाची बॅटरी यायला १८०० साल उजाडायचे होते. दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचे पाणी एवढ्यावर वीज निर्माण होते हे व्होल्टाने दाखवले. मग सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली रॉयल सोसायटीपुढे उलटा विचार मांडला. तांब्यामुळे लोखंड झिजते, तर लोखंडाचा किंवा जस्ताचा छोटा तुकडा मुद्दाम जोडून तांबे वाचवता येईल. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढा तुकडाही पुरेसा ठरला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे पूर्ण यश होते, आणि तरीही आरमाराला ते सोडून द्यावे लागले! झिजणाऱ्या तांब्याचे आयन विषारी असतात, म्हणून तळाला शंख-शिंपले आणि शेवाळ चिकटत नसे. तांबे झिजायचे थांबले, तशी तळावर जीवसृष्टी फोफावली आणि जहाजे मंदावली. पोलादी जहाजांवर आणि तेलवाहिन्यांवर आज जस्ताचे तुकडे लावतात, ते डेव्हींच्याच कल्पनेचे वारस आहेत.

मग रिळाला जस्ताचा तुकडा का लावत नाहीत? चांगल्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारायलाच हवा. जहाज सतत पाण्यात असते, त्यामुळे सगळीकडे पोचणारे विद्युतवाहक द्रावण असते. रिळावर फक्त पाण्याचा पातळ थर आणि इकडे-तिकडे थेंब असतात. तुकड्याचे संरक्षण जवळच्या चार-दोन मिलिमीटरांपलीकडे फारसे पोचणार नाही. म्हणून रिळाने डेव्हींचा नव्हे, तर ‘अलार्म’चा मार्ग धरला आहे. स्क्रूच्या आट्यांना लावायचे ग्रीसचे बोट म्हणजे तोच तपकिरी कागद. रिळातल्या ग्रीसचे निम्मे काम घर्षण कमी करण्याचे आणि निम्मे काम दोन धातूंमध्ये पाणी शिरू न देण्याचे असते. आमच्या मते समुद्रावर दुसरे काम पहिल्याहून महत्त्वाचे आहे.

पण एकच धातू असला तरी सुटका नाही. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात पोलादाच्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून हे दाखवले. हा प्रयोग वर्गात जरूर करावा. शंभर मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम मीठ, थोडे पोटॅशियम फेरीसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब घालावेत. हे द्रावण घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर थेंबभर ठेवावे. (फेरीसायनाइड आम्लात मिसळू नये किंवा तापवू नये.) काही वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा आणि कडेला गुलाबी रंग दिसतो. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो, मध्यभागी कमी मिळतो. जिथे ऑक्सिजन कमी, तिथे लोखंड विरघळते. म्हणजे उघड्या पृष्ठभागापेक्षा चकतीखाली, आट्यांत, फटीत अडकलेले खारे पाणी अधिक घातक. जोराचा फवारा मारू नका असे माहितीपत्रक सांगते ते यासाठीच. फवारा वरचे मीठ थेट फटीत नेऊन बसवतो. रीळ हलक्या धारेखाली धरावे, पुसावे आणि सावलीत वाळू द्यावे.

वाळले की धोका टळला असेही नाही, आणि हे कोकणातल्या गृहिणीला सांगायला नको. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतले बाष्प ओढून विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते. ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओले होते. कोरड्या कपड्याने पुसून कपाटात ठेवलेले रीळ म्हणूनच रात्री पुन्हा भिजते. मीठ विरघळवून काढून टाकणे हाच उपाय, आणि ते काम गोडे पाणीच करते.

विसाव्या शतकाने नवे धातू दिले. हॅरी ब्रेअरलींनी १९१३ साली शेफील्डमध्ये क्रोमियमयुक्त न गंजणारे पोलाद बनवले. ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने जाड ऑक्साइडचा थर चढवण्याची पद्धत १९२३ मध्ये आली, तीही समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या भागांसाठी. रिळांना या दोन्हींचा लाभ झाला. ती हलकी झाली, चकचकीत झाली. पण भांडण मिटले नाही, जागा बदलली. पुस्तकातली क्रियाशीलतेची श्रेणी समुद्रात जशीच्या तशी लागू पडत नाही. स्टेनलेस पोलाद त्याच्या अदृश्य ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे तांब्याच्या पंगतीला जाऊन बसते आणि शेजारच्या ॲल्युमिनियमचा बळी जातो. स्क्रू पिळताना आट्यांमधला थर खरवडला गेला, की तिथे पांढरी भुकटी जमते आणि स्क्रू असा आवळतो की डोके तुटले तरी निघत नाही.

आता तेल. एकोणिसाव्या शतकात नाजूक यंत्रांसाठी उत्तम तेल स्पर्म देवमाशाचे मानले जाई. थंडीतही ते गोठत नसे आणि लवकर चिकट होत नसे. एवढ्यासाठी किती देवमासे मारले गेले याचा विचार केला तर अंगावर काटा येतो. अमेरिकेने त्याची आयात १९७० साली बंद केली. तोवर खनिज तेले त्याची जागा घेऊ लागली होती. तेल नेमके काय करते हे मात्र उशिरा कळले. ब्यूशँप टॉवर यांनी १८८३ साली रेल्वेच्या आसाचा बेअरिंग तपासताना वरच्या भोकात बूच बसवले, तर तेलाच्या दाबाने ते बाहेर ढकलले गेले. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून दाबाचा थर तयार करतो आणि त्यावर तरंगतो. वेगाने फिरणाऱ्या फिरकीच्या बेअरिंगला म्हणून पातळ तेल पुरते. हळू फिरणाऱ्या आणि मोठा भार घेणाऱ्या दात्यांवर असा थर टिकत नाही. तिथे जागेवर राहणारे ग्रीस हवे.

ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. सोडियमचा साबण वापरला तर ते पाण्यात विरघळून जाते. कॅल्शियमचा साबण पाण्याला दाद देत नाही. दुष्फेन पाण्यात कपडे धुताना फेसाऐवजी जो पांढरट साका येतो, तोच हा साबण. बादलीत जो नकोसा वाटतो, तो समुद्रावर उपयोगी पडतो. पण कॅल्शियमचे साधे ग्रीस उष्णतेने पातळ होते. पाणी आणि उष्णता दोन्ही सोसणाऱ्या लिथियम ग्रीसचे पेटंट क्लॅरेन्स अर्ल यांना १९४२ साली मिळाले. आजही रिळासाठी तेच किंवा त्याच्या पुढच्या पिढीतले ग्रीस वापरतात. एक इशारा इथेच देतो. फिरकीच्या बेअरिंगमध्ये ग्रीस ठासू नये, गळ लांब जाणार नाही.

राहिला ब्रेक. विल्यम बोशेन यांच्या कल्पनेवरून ज्युलियस व्होम होफ यांनी एक रीळ बनवले. त्याच्या मोठ्या चाकात धातूच्या आणि चामड्याच्या चकत्या एकाआड एक बसवल्या होत्या आणि त्या चांदणीच्या आकाराच्या चाकाने आवळता येत होत्या. मासा पळाला तर चकत्या घसरतात आणि मूठ स्थिर राहते. १९१३ साली याच रिळावर बोशेन यांनी कॅटालिनाजवळ ३५५ पौंडांचा तलवारमासा पकडला. बोटे फुटणे थांबले. पण आवळून ठेवलेले चामडे दबून कडक होते, खारे पाणी पिऊन धातूला चिकटते आणि पहिल्या झटक्याला सुटत नाही. पुढे चामड्याच्या जागी कार्बनच्या धाग्यांच्या चकत्या आल्या. त्यांतल्या काही कोरड्याच ठेवायच्या असतात आणि काहींना खास ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा असतो. आपल्या रिळात कोणत्या आहेत हे माहितीपत्रकात पाहूनच डबा उघडावा. चांदणी मात्र दोन्ही प्रकारांत घरी आल्यावर सैलच करायची.