गळ्यातल्या क्रुसाची कुळकथा

ख्रिस्ती माणसाच्या गळ्यात क्रूस असायचाच, असं आज आपण धरून चालतो. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांना मात्र ही खूण अंगावर मिरवणं जड गेलं असतं. रोमन राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना हाल हाल करून मारायचं ते क्रुसावर. रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवर भिंतीवर खरवडलेलं एक जुनं चित्र सापडलं आहे. त्यात क्रुसावर गाढवतोंड्या माणूस टांगलेला आणि बाजूला कुचेष्टेची ओळ: अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे.

इ. स. 200च्या सुमारास ख्रिस्ती लेखक अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट आपल्या धर्मबांधवांना अंगठीवर कोणती मुद्रा कोरावी ते सांगतो. घरातल्या वस्तूंवर मोहोर उमटवायला अंगठी लागायचीच. मग तिच्यावर कबुतर, मासा, गलबत, वीणेसारखं लायर नाहीतर जहाजाचा नांगर असावा. मूर्ती, तलवार, धनुष्य, मद्याचा पेला नको. या यादीत क्रूस नाही.

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती धर्माच्या पाठीशी उभा राहिला, क्रुसाची शिक्षाही मागे पडली. जेरुसलेममध्ये ख्रिस्ताच्या मूळ क्रुसाचं मानलं जाणारं लाकूड पूजेत आलं. त्याच्या कपच्या दूरदूर पोचल्याचं तिथला बिशप सिरिल 350च्या सुमारास सांगतो. क्रूस गळ्यात आला तो या कपच्यांच्या सोबतीनं.

379मध्ये आजच्या तुर्कस्तानात मॅक्रिना ही संन्यासिनी वारली. अंत्यविधीची तयारी करताना तिच्या कपड्यांआड गळ्यातल्या दोरीला लोखंडी क्रूस आणि लोखंडी अंगठी आढळली. अंगठी पोकळ होती आणि आत त्या लाकडाचा कण होता, असं तिचा भाऊ, निसाचा ग्रेगरी, लिहितो. त्याच काळात धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्तम सांगतो की स्त्रीपुरुष अशा कपच्या सोन्यात मढवून गळ्यात घालतात. म्हणजे आपल्याकडच्या ताइताचाच प्रकार: मोल आतल्या वस्तूचं, ती ठेवायची छातीशी. बायझंटाइन कारागिरांनी पुढे क्रुसालाच डबी केलं. ब्राँझच्या दोन पोकळ पाकळ्या, बिजागरी, आत पवित्र अवशेष. लाकूड सगळ्यांना पुरणार नव्हतं, आकार पुरला. 687मध्ये वारलेल्या इंग्लंडच्या संत कथबर्टच्या शवपेटीत 1827मध्ये सोन्याचा, लाल खडे जडवलेला क्रूस मिळाला, तोही वस्त्रांच्या आत खोल.

आपल्या काळातला एक वाद नेमका क्रूस असा झाकण्यावरून झाला. ब्रिटिश एअरवेजच्या गणवेशाच्या नियमानुसार गळ्यातलं काही दिसू द्यायचं नव्हतं. नादिया एवेडा या कर्मचारी महिलेनं 2006मध्ये क्रूस झाकायला नकार दिला आणि तिला बिनपगारी घरी बसावं लागलं. 15 जानेवारी 2013ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं तिच्या बाजूनं कौल दिला. त्याच निकालात एका परिचारिकेची कामावर क्रूस घालण्याची मागणी फेटाळली गेली, कारण रुग्णानं साखळी ओढली किंवा क्रूस उघड्या जखमेला लागला तर इजा होण्याची भीती होती. धर्मानं आज्ञा केली आहे का, एवढ्यावर श्रद्धेचं आचरण ठरत नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. तशी आज्ञा मॅक्रिनालाही कुणी केलेली नव्हती.