शेवटी काय झालं?

गेले दोन वीकएंड हा लेख अर्धवट पडून होता. शेवट न करणाऱ्यांवर लिहायला बसलो आणि माझाच शेवट होईना, म्हणजे आली का पंचाईत! आज पाऊस आहे, मित्र ट्रेकला गेलेत, म्हटलं संपवूनच टाकू.

निमित्त झालं कँटीनमधल्या वादाचं. विषय 'रात्रीस खेळ चाले'. एक पार्टी म्हणे, अण्णा आणि शेवंता म्हणजे मराठी टीव्हीवरची बेस्ट जोडी. दुसरी पार्टी म्हणे, आठ महिने घाबरवलंत आणि हातात काय दिलंत? मी दुसऱ्या पार्टीचा, अगदी कट्टर. पण वाद घालताना लक्षात आलं की माझा राग त्या एका मालिकेवरचा नाहीच. तो जुना आहे, आणि त्याचं मूळ श्रीवर्धनच्या आमच्या घरात, आजीच्या शेजारी मांडी घालून बसलेल्या दहा वर्षांच्या पोरात आहे.

तर सुरुवातीपासून सांगतो.

२००७ साली झी मराठीवर 'असंभव' सुरू झाली. सतीश राजवाडेंचं दिग्दर्शन, शास्त्र्यांचा वाडा, पुनर्जन्म, आणि नीलम शिर्केची ती सुलेखा! मी चौथीत होतो. गावाकडे तेव्हा भारनियमन जोरात. मालिकेच्या वेळेला लाईट असले तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंकडून राहिलेला भाग ऐकायचा. आजीला सगळं लक्षात ठेवायचं असायचं, म्हणून मी एक वही केली. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. आजी सांगणार, मी लिहिणार. आज ऑफिसात बग ट्रॅकर उघडला की मला तीच वही आठवते. ओपन किती, क्लोज किती.

'असंभव' दोन वर्षं चालली, २००९ मध्ये संपली. मधे शुभ्राचं काम करणारी मानसी साळवी जाऊन ऊर्मिला कानेटकर आली. आजी म्हणाली, "चेहरा बदलला तर बदलला, गोष्ट तीच आहे ना?" वहीची उजवी पानं बऱ्यापैकी भरली. सगळी नाही, पण आम्ही तक्रार केली नाही. पहिलं प्रेम होतं ते.

आता आजीच्या त्या वाक्याकडे येतो. "गोष्ट तीच आहे ना?" हा भरवसा तिच्याकडे आला कुठून? तर पोथीतून. आमच्याकडे चातुर्मासात दुपारी 'हरिविजय' वाचायची पद्धत. श्रीधरस्वामींनी १७०२ साली पूर्ण केलेला ग्रंथ, अध्याय ३६. रोज थोडं वाचायचं, पोथी फडक्यात बांधून ठेवायची, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. म्हणजे डेली सोपच की! शेजारपाजारच्या बायका ऐकायला यायच्या, कंसाने काय केलं यावर हळहळायच्या, कापूस वळता वळता पुढे काय होणार याची चर्चाही करायच्या. फरक एवढाच, की समाप्ती कधी ते पहिल्या दिवशीच ठरलेलं असायचं. त्या दिवशी नैवेद्य, आरती, दक्षिणा. सुरू केलेली पोथी अर्धवट सोडायची नाही, हा नियम ऐकणाऱ्याला होता तसाच सांगणाऱ्यालाही होता. आजीच्या डोक्यातली 'मालिका' ही अशी होती. टीव्हीवालेही तोच नियम पाळणार, असं तिने गृहीत धरलं होतं.

तो नियम टीव्हीने कधी मोडला? इथे थोडा इतिहास.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पण रोजच्या जगण्यात घुसलेली मालिका ही कल्पना आपल्याकडे आली मेक्सिकोहून, आणि ती आणण्यात एका मराठी माणसाचा वाटा होता. विदर्भातले वसंत साठे तेव्हा केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. मेक्सिकोत मिगेल साबिदो नावाच्या निर्मात्याने प्रौढ साक्षरतेसाठी 'वेन कोनमिगो' अशी मालिका १९७५-७६ मध्ये केली होती आणि ती तुफान चालली होती. त्या धर्तीवर ७ जुलै १९८४ ला दिल्ली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी, प्रायोजक मॅगी नूडल्स. दीडशेच्या वर भाग झाले आणि डिसेंबर १९८५ मध्ये ती संपली. संपली, हे महत्त्वाचं. मेक्सिकन मालिका म्हणजे टेलिनोव्हेला, टीव्हीवरची कादंबरी. काही महिने चालणार आणि शेवट होणार, हे त्यात धरलेलंच असतं.

अमेरिकन सोप ऑपेराचा धर्म वेगळा. साबण कंपन्यांनी दुपारच्या वेळेला बायकांसाठी चालवलेल्या गोष्टी त्या. 'गायडिंग लाइट' १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ साली बंद झाली. ७२ वर्षं! साबण विकायचाय तोवर गोष्ट चालू. साबणाला कुठे शेवट असतो?

आपण काय केलं, तर मेक्सिकोचं रोप आणलं आणि त्याला अमेरिकन खत घातलं. दूरदर्शनच्या काळात १३ भागांची, २६ भागांची मंजुरी असायची, त्यामुळे लेखकाला आपोआप कुंपण होतं. तेव्हाही दगा व्हायचा. १९९४ ला सुरू झालेली 'चंद्रकांता' आमचे बाबा रविवारी सकाळी छपरावर अँटेना फिरवून, पडद्यावरच्या मुंग्यांतून बघायचे. पुढे निर्मात्या आणि दूरदर्शन यांच्यातला वाद न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६ मध्ये गोष्ट मधेच थांबली. बाबा अजून क्रूरसिंगची नक्कल करतात, शेवट मात्र त्यांना ठाऊक नाही. पण तो अपघात होता. व्यवस्था नव्हती.

व्यवस्था झाली सॅटेलाइट चॅनेल आल्यावर. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, २००० मध्ये ई-टीव्ही मराठी. 'आभाळमाया'ने लोकांना वेड लावलं, मग 'वादळवाट', 'अवंतिका'. ई-टीव्हीवर २००१ च्या शेवटी सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' २०१३ च्या जानेवारीपर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. चार दिवस म्हणता म्हणता अकरा वर्षं! यात हिशोब साधा आहे. नवी मालिका म्हणजे नवा सेट, नवी जाहिरात, नवी जोखीम. चालू मालिकेकडे प्रेक्षक आधीच बसलेला. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि ते बरे असतील तर गोष्ट संपवणं म्हणजे चालतं दुकान बंद करणं. कौटुंबिक मालिकेला हे एकवेळ चालून जातं, कारण संसाराला तसाही शेवट नसतो. लग्न झालं, बारसं झालं, मुलाचं लग्न झालं, फिरवा चक्र.

पण रहस्यमालिकेचं तसं नाही. ती पहिल्याच भागात प्रेक्षकाकडून उसनं घेते. 'आत्ता तू गोंधळ सहन कर, मी नंतर फेडीन.' आणि चॅनेलचं गणित म्हणतं, फेडू नकोस, अजून उसनं घे. उत्तर दिलं की प्रेक्षक उठून जाणार. म्हणजे ज्या गोष्टीसाठी लोक बसलेत, तीच दिली की धंदा बसतो. लेखक बिचारा काय करणार? एका प्रश्नाचं उत्तर म्हणून दुसरा प्रश्न देतो. आमच्या फील्डमध्ये याला बग फिक्स न करता टिकीट पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलणं म्हणतात. मी स्वतः केलंय, म्हणून ओळखतो.

तर २०१६. मी पुण्यात इंजिनिअरिंगला. २२ फेब्रुवारीला 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा, अण्णांचा मृत्यू, जमलेली भावंडं, मालवणी बोली. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा वाढते म्हणून सिंधुदुर्गात विरोध झाला. आम्हा रायगडवाल्यांना मात्र ते घर ओळखीचं वाटलं. बोली आमची नव्हे, पण ओटी, माजघर, विहीर, वाटणीवरून धुमसणारे भाऊ, सगळं आमचंच. आजीने फोनवर हुकूम सोडला, "वही काढ." मी मेसमध्ये बघायचो, ती घरी. भाग संपला की फोन. तिचे प्रश्न भारी असायचे. भुताबिताचे नाहीत. "अण्णाने जमीन कुणाच्या नावावर केली ते का नाही विचारत कोणी?" असे.

२२ ऑक्टोबरला शेवटचा भाग झाला. मी वही मोजली. उजवी पानं निम्म्याहून जास्त कोरी. आजी फोनवर म्हणाली, "उद्या दाखवतील." म्हटलं, "आजी, संपली." ती म्हणाली, "संपेल कशी? अजून सांगितलं कुठाय?"

२०१९ च्या जानेवारीत दुसरं पर्व आलं आणि मी तिला उत्साहाने फोन केला. पण ते पर्व पुढे गेलंच नाही, मागे गेलं. जिवंत अण्णा, शेवंता. माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांनी कामं जबरदस्त केली, अख्खा महाराष्ट्र बघत होता. आजीने चार दिवस बघितलं. "हा मेलेला ना?" मी म्हटलं, "हे आधीचं आहे." तर म्हणाली, "मागचं कशाला? मला पुढचं सांगा." आणि टीव्हीकडे पाठ करून सुपारी कातरायला बसली. बारा वर्षांची आमची पार्टनरशिप तिथे मोडली. गंमत म्हणजे हेच पर्व सर्वांत गाजलं. उत्तर मिळणार नाही हे एकदा मान्य केल्यावर लोकांनी मजेत बघितलं. म्हणजे दोष फक्त चॅनेलचा नाही हो. न कळण्याची चटक आपल्यालाही असते.

तेवढ्यापुरतं अमेरिकेकडे बघू. 'लॉस्ट' या मालिकेचंही हेच झालं होतं. बेट, रहस्यं, आणि तिसऱ्या सीझनपर्यंत वैतागलेले प्रेक्षक. शेवटी मे २००७ मध्ये निर्मात्यांनी चॅनेलशी बसून शेवटाची तारीख जाहीर केली, अजून ४८ भाग, २०१० मध्ये समाप्त. माझ्या मते टीव्हीच्या इतिहासातला हा मोठा निर्णय. तरीही २०१० चा शेवट बघून कित्येक जण चिडलेच. कारण नुसती तारीख पुरत नाही. प्रश्न घालतानाच उत्तर माहीत असावं लागतं. श्रीधरस्वामींना कंसाचं काय होणार ते पहिल्या ओवीला ठाऊक होतं.

आता शेवटचं, आणि हे लिहायलाच मी दोन वीकएंड टाळाटाळ केली.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी घरून काम करायला श्रीवर्धनला आलो. चित्रीकरणं बंद, टीव्हीवर जुनेच भाग. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. दुपारच्या दोनेक तासांत वाडी आडवी झाली. नारळ मुळासकट, सुपाऱ्या कमरेतून मोडलेल्या. श्रीवर्धनी रोठा जगात भारी म्हणून आम्ही मिरवायचो, त्या वाडीत उभं राहून आकाश दिसत होतं. घरावरची कौलं गेली. जवळजवळ महिनाभर लाईट नाही, नेटवर्क नाही.

त्या अंधारात आजी खाटेवर पडून होती. वय ८४, दृष्टी अधू झालेली. बाबा वाडीचा विषय काढायचे नाहीत, तीही काढायची नाही. एका रात्री एकदम म्हणाली, "त्या नाईकांच्या घराचं शेवटी काय झालं रे?" मी वैतागून काहीतरी बोलणार होतो. पण बोललो नाही. कंदिलाच्या उजेडात मी शेवट रचून सांगितला. वहीतले एकेक प्रश्न आठवून, जमिनीच्या कागदापासून. तीन रात्री लागल्या. मधे मधे तिने चुका काढल्या, "हे जुळत नाही, परत सांग." मी परत सांगितलं. तिसऱ्या रात्री म्हणाली, "हां. असं असेल तर ठीक आहे." मग थोड्या वेळाने, "हे तू रचलंस ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "त्यांना का नाही जमलं मग?"

याचं उत्तर म्हणून मी तिला टीआरपी समजावून सांगितला नाही. ते आज इथे लिहिलं, एवढंच.

१ जुलैला आषाढी एकादशी होती. तिने पोथी काढायला लावली. तिला दिसत नव्हतं, म्हणून मी वाचली, लॅपटॉप बंद करून रोज अर्धा तास. त्या वर्षी अधिक आश्विन आला, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा. ताणला गेला म्हणा ना! पण किती ताणणार ते पंचांगात आधीच छापलेलं होतं. कार्तिकात समाप्ती झाली. बाबांनी त्याच आठवड्यात सुपारीची नवी रोपं लावली. सुपारीला फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, हे लावतानाच माहीत असतं.

आजी २०२२ मध्ये गेली. तिसरं पर्वही त्याच वर्षी एप्रिलमध्ये संपलं, ते आम्ही दोघांनीही बघितलं नाही. वही माझ्याकडे पुण्यात आहे. तिच्या उजव्या पानांवर मी त्या तीन रात्रींतली उत्तरं लिहून टाकली आहेत, एक प्रश्न सोडून. तो तिने शेवटी विचारलेला.

असो. पाऊस थांबलाय, चहा टाकतो. या वेळी लेख संपला, एवढं तरी झालं.